नाइटांचा डगला व त्यावरील नक्षी

शाळेच्या संमेलनांत मध्ययुगीन युरोपांतील एखादा नाट्यप्रवेश करावयाचें ठरलें, म्हणजे पोशाखाचा प्रश्न हटकून पुढें येतो. राजाचें मुकुट व झगा यांवर भागतें. भिक्षूला काळी कफनी पुरते. अडतें तें नाइटापाशीं. नाइट म्हणजे त्या काळचा घोडेस्वार योद्धा. त्याच्यासाठीं बहुधा असें करतात कीं, एखादें जुनें जाकीट घ्यावयाचें, त्यावर रुपेरी कागद डकवावयाचा, छातीवर एक सिंह काढावयाचा, कडेनें घरांत सांपडेल ती जर लावावयाची, आणि नाइट तयार! अलीकडे तर अशा घाटाचीं जाकिटें तयारहि मिळतात, व हौशी तरुण मंडळी त्यांवर आपल्या पसंतीची नक्षी चढवून घेतात. या हौसेला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्या वस्त्राची ही नक्कल करावयाची, त्या मूळ वस्त्रावर कोणती नक्षी असे, आणि मुख्य म्हणजे ती तेथें कशासाठीं असे, हें समजून घेतल्यावांचून सुई हातीं धरूं नये, असें आम्हांस वाटतें. त्या डगल्यावरील बहुतेक टांके, खिळे आणि चित्रें आधीं कामासाठीं होतीं, शोभा मागाहून आली. आणि छातीवरील चित्र नसल्यामुळें, किंवा तें चुकीचें वाचलें गेल्यामुळें, माणसें प्राणांस मुकलेलीं आहेत.

नाइट म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें नखशिखांत पोलादांत मढलेला पुरुष उभा राहतो. पण सर्वांगास पोलादी पत्रा आला तो फार पुढें, चौदाव्या शतकाच्या अखेरीस व पंधराव्या शतकांत. त्यापूर्वीं कित्येक पिढ्या लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेलें चिलखत हेंच मुख्य होतें, आणि त्याच्या आंत, कधीं कधीं त्याच्यावरहि, जाड कापडी डगला घालीत. याचें कारण उघड आहे. कड्यांचें चिलखत तरवारीची धार अडवितें, पण घावाचा मार अडवीत नाहीं. हाड मोडावयाचें तें मोडतेंच. तो मार शोषून घेण्यास आंत कांहीं तरी मऊ व जाड असावें लागतें. साधे शिपाई तर पुष्कळदां नुसत्या डगल्यावरच लढाईस जात. काळ व घाट यांप्रमाणें त्यास गँबेसन, आकेतों, जॅक अशीं निरनिराळीं नांवें होतीं. त्यांपैकीं आकेतों हें नांव अरबी भाषेंतील ‘अल्-कुत्न’ म्हणजे कापूस या शब्दापासून आलें आहे. चौदाव्या शतकांतील अंगाबरोबर बसणाऱ्या अशाच एका डगल्यास जुपों म्हणत. तें नांव अरबी ‘जुब्बा’ या शब्दावरून निघालें. आमच्याकडील जुब्बाहि त्याच घरचा, तेव्हां हा डगला आम्हांस अगदींच परका नाहीं.

तो कसा शिवीत हें सांगावयासहि महाराष्ट्रांतील मुलांपुढें फार शब्द खर्चावयास नकोत. ज्यानें आपल्या आजीला गोधडी शिवतांना पाहिलें आहे, त्यानें नाइटाचा डगला शिवतांना पाहिलाच म्हणावयाचा. जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरावयाचे, अथवा दोन थरांच्या मध्यें कापूस, लोंकर किंवा चिंध्या भरावयाच्या, आणि सगळ्यांतून आरपार धांवदोरा घालीत जावयाचें. फ्रान्सचा राजा अकरावा लुई यानें १४६१ ते १४८३ पर्यंत राज्य केलें. त्याच्या तिरंदाजांच्या डगल्यांविषयींचा एक हुकूम प्रसिद्ध आहे. त्यांत कापडाचे तीस, निदान पंचवीस थर घालून वर सांबराचें कातडें लावावें असें सांगितलें असून, कापड वापरून मऊ पडलेलें असल्यास उत्तम, अशीहि सूचना आहे. नवें कापड ताठ राहतें, अंगास काचतें आणि हात उचलूं देत नाहीं. जुनें कापड अंगाबरोबर वळतें. जुनें लुगडें टाकूं नये हें आमच्या आजीबाईंस सांगावयास मात्र कोणा राजाचा हुकूम लागला नाहीं!

थरांना जागच्या जागीं धरून ठेवणाऱ्या या शिवणी हीच डगल्यावरची पहिली नक्षी होय. शिवण नसेल तर आंतलें भरण घसरून खालीं गोळा होतें व छाती उघडी पडते. म्हणून बहुधा उभ्या, समांतर रेघांत टांके घालीत, आणि प्रत्येक दोन रेघांमध्यें भरण फुगून नळीसारखा उंचवटा येई. दुरून पाहणाऱ्यास ती नक्षीच वाटावी.

याचा एक अस्सल नमुना आजहि पाहावयास मिळतो. इंग्लंडचा युवराज एडवर्ड, ज्याला पुढें लोक ब्लॅक प्रिन्स म्हणूं लागले, तो १३७६ सालीं वारला. कँटरबरी येथील कॅथीड्रलांत त्याचें थडगें आहे. त्या थडग्यावर त्याचें शिरस्त्राण, ढाल, लोखंडी हातमोजे व जुपों टांगून ठेविलीं होतीं. सुमारें साडेसहाशें वर्षांनंतरहि हें कापडी वस्त्र शिल्लक राहिलें, ही मोठ्या नवलाची गोष्ट आहे. मूळ वस्तू आतां कांचेआड जपून ठेविल्या असून थडग्यावर १९५४ सालीं टांगलेल्या त्यांच्या प्रतिकृति दिसतात. हा जुपों तांबड्या व निळ्या मखमालीचा, आखूड बाह्यांचा आहे. रंग विटले आहेत. पण त्याचे चार चौक ओळखूं येतात. दोन निळ्या चौकांत फ्रान्सचीं सोनेरी लिलीचीं फुलें, व दोन तांबड्या चौकांत इंग्लंडचे सोनेरी सिंह. युवराजाचा बाप तिसरा एडवर्ड यानें १३४० सालीं फ्रान्सच्या राजाची पदवी धारण केली आणि फ्रान्सचीं फुलें आपल्या सिंहांच्या शेजारीं आणून बसविलीं. एका राज्यावरचा दावाच तो बाप आणि तो मुलगा अंगावर वागवीत होते! आणि या जरीच्या राजचिन्हांतून देखील भरण धरून ठेवणाऱ्या उभ्या शिवणी सरळ खालपर्यंत गेलेल्या आहेत. सोन्याचा सिंह आहे म्हणून शिवणीनें त्याला वळसा घातलेला नाहीं.

तेव्हां ज्यास असें जाकीट सजवावयाचें आहे त्यानें प्रथम जरीचा विचार सोडून शिवणीचा करावा. जाकिटाचा पुढचा व मागचा भाग उसवून सपाट पसरावा. आंत जुन्या चादरीचा अथवा धाबळीचा एक थर घालावा. खडूनें दोन दोन बोटांच्या अंतरावर उभ्या रेघा आंखाव्या आणि दोरा मेणावून घेऊन धांवदोरा घालावा. सुरुवात मधल्या रेघेपासून करून दोन्ही बाजूंस सरकत जावें; एका कडेपासून आरंभ केल्यास कापडाचा फुगवटा दुसऱ्या कडेस जाऊन सांचतो. शिवणींनीं कापड आंत ओढलें जातें, हें ध्यानांत ठेवून मापापेक्षां चार बोटें कापड जास्त धरावें. कोंपराच्या आंतल्या बाजूस भरण घालूं नये, नाहीं तर आमचे नाइटसाहेब रंगभूमीवर हात पसरूनच उभे राहतील. एवढें झालें कीं, चिन्ह नाहीं, जर नाहीं, तरी तें जाकीट निम्म्याहून अधिक मध्ययुगीन दिसूं लागतें.

आतां चिन्हाकडे वळूं. बाराव्या शतकापासून नाइट चिलखतावर एक सैल, बिनबाह्यांचें वस्त्र घालूं लागले. त्यास सरकोट म्हणत. त्याच सुमारास शिरस्त्राणानें चेहरा अधिकाधिक झांकला जाऊं लागला, आणि लोखंडांत दडलेला हा पुरुष आपला कीं परका हें कळण्यास मार्ग राहिला नाहीं. म्हणून ढालीवर, निशाणावर, घोड्याच्या झुलीवर आणि या सरकोटावर प्रत्येक घराण्याचें ठराविक चिन्ह येऊं लागलें. इंग्रजींत कुलचिन्हाला ‘कोट ऑफ आर्म्स’, म्हणजे शब्दशः शस्त्रधारणाचा डगला, असें म्हणतात तें यावरून.

हीं चिन्हें दुरून व धांवपळींत ओळखूं यावीं म्हणून त्यांच्या रंगांचा एक नियम होता. सोनें व रुपें हे दोन ‘धातू’. कापडावर त्यांच्या जागीं पिंवळा व पांढरा चालत. तांबडा, निळा, काळा, हिरवा व जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू घालूं नये आणि रंगावर रंग घालूं नये, एवढाच तो नियम. निळ्यावर पिंवळें चिन्ह शंभर पावलांवरून दिसतें. निळ्यावर तांबडें घातलें कीं सगळा काळोख होतो. जेरुसलेमच्या राज्याच्या चिन्हांत रुप्यावर सोन्याचे क्रूस होते, तो प्रसिद्ध अपवाद. हा नियम आमच्या हौशी मंडळींनीं अवश्य पाठ करावा. कारण किरमिजी कापडावर काळा गरुड काढून मग तो कोणास दिसत नाहीं म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात.

चिन्हावर किती अवलंबून असे हें पाहावयाचें असेल तर त्या काळच्या लढायांकडे पाहावें. नाइट जिवंत हातीं लागला तर त्याला मारीत नसत; त्याच्या घराण्याकडून खंडणी घेऊन सोडून देत, व जेवढें घराणें मोठें तेवढी खंडणी मोठी. पण त्यासाठीं तो कोण आहे हें शत्रूस कळावयास हवें. १३१४ सालीं स्कॉटलंडांत बॅनकबर्नच्या लढाईंत ग्लॉस्टरचा तरुण अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर पडला. त्यानें चिन्हाचा सरकोट अंगावर चढविला नव्हता; चढविला असता तर शत्रूनीं त्याला ओळखून जिवंत धरलें असतें, असें सांगतात. १४१५ सालीं फ्रान्समधील अजिंकूर येथें ब्राबांटचा ड्यूक अँटनी उशिरां येऊन पोहोंचला. स्वतःचा सरंजाम मागें राहिलेला! तेव्हां त्यानें आपल्या शिंगाड्याच्या शिंगास लावलेलें निशाण काढून घेतलें, मधोमध भोंक पाडलें, त्यांतून डोकें घातलें आणि तो तसाच लढाईंत घुसला. तो पकडला गेला. पण त्या फडक्यावरून एवढा मोठा सरदार कोणास ओळखतां आला नाहीं, आणि इंग्रजांनीं कैद्यांची कत्तल केली तींत तोहि गेला, असा त्या वेळच्या इतिहासलेखकांचा वृत्तांत आहे.

उलट, डगला होता म्हणूनहि एक वीर गेला. सर जॉन चँडॉस हा इंग्रजांकडील नामांकित सेनानी. १३६९ सालच्या शेवटच्या दिवशीं पहांटे फ्रान्समधील लुसाक येथील पुलापाशीं तो पायउतार होऊन लढत होता. जमीन दंवानें निसरडी झालेली, आणि अंगावर कुलचिन्हाचा पायघोळ सरकोट. त्याच्या घोळांत पाय अडकून तो अडखळला, तोंच एका शत्रूचा भाला त्याच्या तोंडावर बसला. त्या बाजूचा डोळा पूर्वींच शिकारींत गेलेला असल्यामुळें वार त्याला दिसलाहि नाहीं. या जखमेनेंच तो मेला. चौदाव्या शतकांत पायघोळ सरकोट मागें पडून आखूड, अंगासरसा जुपों पुढें आला तो एकट्या चँडॉसमुळें नव्हे, ती चाल आधींच सुरू झाली होती. परंतु ती कां सुरू झाली हें त्याच्या मरणावरून चांगलें समजतें. नाटकांत तरवारीचे हात करावयाचे असतील त्या मुलाच्या डगल्याचा घोळ गुडघ्याखालीं जाऊं देऊं नये.

सर्वांत मोठा घोंटाळा झाला तो इंग्लंडांतील बार्नेट येथें, १४ एप्रिल १४७१ रोजीं. चवथा एडवर्ड व वॉरिकचा अर्ल यांची ही लढाई पहांटेच्या दाट धुक्यांत जुंपली. एडवर्डचें चिन्ह किरणें फांकलेला सूर्य. वॉरिकच्या पक्षाचा अर्ल ऑफ ऑक्सफर्ड याचें चिन्ह किरणांचा तारा. ऑक्सफर्डचे लोक शत्रूच्या एका फळीचा पाठलाग करून धुक्यांतून परत फिरले, तेव्हां त्यांच्या डगल्यांवरील तारा वॉरिकच्या लोकांस सूर्य वाटला. त्यांनीं आपल्याच माणसांवर बाण सोडले. ‘दगा, दगा’ अशी ओरड झाली, ऑक्सफर्डचे लोक पळत सुटले, वॉरिकचा पराभव झाला व तो स्वतःहि मारला गेला. चिन्ह निवडतांना दुसऱ्या कोणाच्या चिन्हासारखें तें दिसतें काय, हें आधीं दुरून व अंधुक उजेडांत पाहून घ्यावें.

शिवाय दुसऱ्याचें चिन्ह उचलणें हा त्या काळीं थट्टेचा विषय नव्हता. १३८५ सालीं दुसऱ्या रिचर्डनें स्कॉटलंडवर स्वारी केली. त्या सैन्यांत सर रिचर्ड स्क्रोप व सर रॉबर्ट ग्रोव्हनर या दोघांच्या अंगावर एकच चिन्ह आढळलें: निळ्या भूमीवर एक तिरपा सोनेरी पट्टा. दोघांनींहि तें आपल्या वाडवडिलांचें म्हणून सांगितलें. खटला उभा राहिला आणि कित्येक वर्षें चालला. शेंकडों साक्षी झाल्या. त्यांत इंग्रजी काव्याचा जनक म्हणतात त्या जेफ्री चॉसरची १३८६ सालची साक्षहि आहे. लंडनच्या एका रस्त्यांत घराबाहेर टांगलेलें हें चिन्ह पाहून आपण तें स्क्रोपचें समजलों, पण चौकशी करतां तें ग्रोव्हनरचें असल्याचें कळलें, आणि त्या दिवसापर्यंत ग्रोव्हनरचें नांवहि आपण ऐकलें नव्हतें, अशी त्याची जबानी. निकाल स्क्रोपसारखा लागला. ग्रोव्हनरनें कडेनें रुपेरी किनार लावून तेंच चिन्ह वापरावें अशी तडजोड सुचविण्यांत आली. पण १३९० सालीं राजानें तीहि फेटाळली, कारण किनारीचा फरक एकाच घराण्यांतील माणसांना पुरतो, परक्याला नाहीं. ग्रोव्हनरनें मग निळ्या भूमीवर गव्हाची सोनेरी पेंढी घेतली. आमच्या मतें ती पट्ट्यापेक्षां किती तरी सुंदर आहे!

येथें आमच्या वाचकांस प्रतापगडची आठवण होईल. १६५९ सालच्या नोव्हेंबरांत अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजीमहाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें होतें असें बखरींत वर्णन आहे. तेथें चिलखत आंत लपवावयाचें होतें, आणि वरच्या वस्त्रानें साधेपणा दाखवावयाचा होता. युरोपांतील सरकोटाचें काम याच्या उलट; त्यानें आंतल्या माणसाचें नांव रणांगणभर सांगावयाचें. वस्त्राचा हेतु बदलला कीं त्यावरील नक्षीहि बदलते.

म्हणून चिन्ह शक्य तों आपलें स्वतःचें असावें. इंग्लंडचे तीन सिंह किंवा फ्रान्सचीं लिलीचीं फुलें तो राजा नाटकांत असेल तरच शोभतात. बाकीच्यांनीं आपल्या नांवांतून, गांवांतून अथवा आवडींतून कांहीं शोधावें. त्या काळींहि नांवावर कोटी करणारीं चिन्हें पुष्कळ होतीं. ज्याचें आडनांव मोरे त्यानें मोर घेतला किंवा वाघमारे यानें वाघ घेतला, तर मध्ययुगीन रीतीस बाध न येतां पाहणाऱ्यांसहि गंमत वाटेल. आकृति मोठी व ठसठशीत असावी. पिसापिसांतील बारकावे दहा हातांवरून दिसत नाहींत. पशु असेल तर त्याचें तोंड घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडे असावें. हा रिवाज ढालीवरून आला.

आकृति कागदावर काढून कापावी, त्यावरून रंगीत कापड बेतावें, खळ लावून जागेवर बसवावें व कडेनें बारीक टांके घालावे. मग कडेवरून एक जाडसर दोरी ठेवून ती आडव्या टांक्यांनीं टांचून घ्यावी. त्यानें कापडाचे सुटे धागे झांकतात आणि आकृतीस रेखीव कांठ येतो. सोन्याची जरहि युरोपांतील कसबी लोक अशीच लावीत. जर कापडांतून आरपार ओढीत नसत; ती वर पसरून रेशमानें जागोजाग टांचीत, म्हणजे सोनें वायां जात नाहीं व तुटतहि नाहीं. आमच्या जरदोजी कारागिराला हें निराळें शिकवावयास नको. जाकीट पुढून उघडणारें असल्यास चिन्हाचे दोन अर्ध असे लावावे कीं बटणें लावल्यावर ते बरोबर जुळावे. पाठीवरहि तेंच चिन्ह हवें, कारण प्रेक्षकांकडे पाठ फिरवितांच नाइट अनोळखी होऊन चालत नाहीं.

बाकीची सजावट थोडक्यांत सांगतों. पंधराव्या शतकांतील ब्रिगँडीन नांवाच्या डगल्यांत मखमालीच्या आंतून लहान लहान पोलादी पत्रे खिळ्यांनीं जडवीत, व बाहेर फक्त खिळ्यांचीं डोकीं दिसत. त्यांना सोन्याचा किंवा कथलाचा मुलामा देत, आणि कित्येकदां तीन तीनांचे पुंजके करीत. पितळी डोक्याचे खिळे अशा ओळींत लावल्यास तें खरें वाटतें. वेडेवांकडे विखुरल्यास पेटीचें झांकण वाटतें. बटणांचा थाट पाहावयाचा असेल तर फ्रान्समधील लिओं येथील वस्त्रसंग्रहालयांत एक डगला आहे. तो १३६४ सालीं ओरेच्या लढाईंत पडलेल्या शार्ल डी ब्ल्वा याचा समजतात. त्यास एकट्या पुढच्या बाजूस तिसाहून अधिक बटणें आहेत, आणि बाह्यांवर निराळीं. अंगासरसा डगला एवढ्या बटणांशिवाय नीट बसत नाहीं. आजच्या जाकिटास पुढें चेन असते, ती अशा कापडानें मढविलेल्या बटणांच्या पट्टीखालीं झांकून टाकावी. त्याच्या आंतून विजारीचे पाय बांधून ठेवण्यासाठीं बंदहि आहेत. ते पाहून आमच्या बाराबंदीची आठवण होते. कडांना पानाच्या किंवा कंगोऱ्याच्या आकारांत कातरण्याची चालहि त्या काळीं फार होती, पण ती दाट कुटलेल्या लोंकरी कापडांत, ज्याचे धागे कातरल्यावर सुटत नाहींत. सुती कापडाची कड अशी कातरली तर पहिल्याच दिवशीं तिच्या दशा होतात. तेथें फेल्टचा पट्टा कातरून आंतून जोडावा.

एक गोष्ट राहिली. चिन्हाचें तांबडें व निळें कापड जाकिटावर लावण्यापूर्वीं पाण्यांत भिजवून, पिळून, पांढऱ्या फडक्यावर वाळत घालावें. फडक्यावर डाग उतरला नाहीं म्हणजे मगच कात्री चालवावी.